यूएलपी केससाठी केलेला वकील : एक सीझन वापरून आलेला अनुभव

यूएलपी म्हणजे अनफेअर लेबर प्रॅक्टिस, मालकानं कामगाराशी केलेली अनुचित वागणूक; तिची तक्रार कोर्टात 90 दिवसांत टाकावी लागते. मी धामणगाव रेल्वेकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर आहे. माझ्यानंतर लागलेला पोरगा परमनंट झाला, पगारही माझ्याहून जास्त. मला मात्र कापूस संपला की घरी बसवतात, दिवाळीच्या सुमारास परत बोलावतात. विचारलं तर उत्तर, "बाईमाणूस, रात्री गाड्या आल्या तर?" रात्रीच्या कितीतरी काटापट्ट्यांवर माझ्याच सह्या आहेत.

म्हणून वकील केला. सुरुवात झकास. तक्रार मुदतीत दाखल, नोटीस निघाली, मालकाच्या ऑफिसात धावपळ. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच स्टार दिले असते.

मग झेरॉक्स सुरू झाले. दर पेशीला, "ताई, झेरॉक्सचे तीनशे." कोर्टासमोरच्या दुकानात दोन रुपये पान. तीनशेत दीडशे पानं होतात आणि माझी अख्खी फाइल वकीलपत्र धरून चाळीस पानांचीही नाही. एकदा मी स्वतःच काढून, स्टेपल मारून नेल्या. साहेबांनी घेतल्या, बाजूला ठेवल्या. निघताना मुन्शीनं, म्हणजे त्यांच्या कारकुनानं, तीनशे मागितलेच. एसटीच्या अर्ध्या तिकिटात वाचलेलं सगळं तिकडे जायचं. ठरलेली फी दिली, तिच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण झेरॉक्स!

मालकाच्या वकिलासोबत ते कॅन्टीनला चहा पिताना दिसले तेव्हा वाटलं, झाले मॅनेज. तो संशय मी मागे घेते. बाररूम एक, चहावाला एक, ते आणखी कुठं बसणार? घोळ निघाला तो ई-कोर्ट्स ॲपमध्ये. सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ठरलेला नंबर, टाकला की तारखा दिसतात, आणि तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवशी काय झालं तेही उघडतं. बऱ्याच तारखा मालकाच्या मुदतीच्या अर्जांनी गेलेल्या. त्यात आमच्या साहेबांचा दोष नाही. पण ज्या दिवशी मला फोनवर "जज रजेवर होते" म्हणून सांगितलं, त्या दिवशीची नोंद होती : तक्रारदाराचे वकील गैरहजर.

मग भाच्याला बसवून इंग्रजी तक्रार वाचून घेतली. यूएलपी कायद्याच्या अनुसूची 4 मधली बाब 6 आहे, म्हणजे वर्षानुवर्षं टेम्पररी ठेवणं. बाब 5, म्हणजे पक्षपात, नाहीच. त्या पोराचा उल्लेख नाही, पगारातल्या फरकाचा नाही. मी बाई आहे हे फक्त नावामागच्या 'सौ.'वरून कळतं. साहेब म्हणाले, "काहून टेन्शन घेता ताई? आर्ग्युमेंटमध्ये टाकू ना." तक्रारीतच नाही ते आर्ग्युमेंटमध्ये कसं चालेल? मुन्शी बाहेर येऊन हळूच बोलला, "दुरुस्तीचा अर्ज टाकायला लावा." एवढं सरळ कोणी सांगितलं नव्हतं. तीनशे मागणाराही तोच, हे खरं.

वकील बदलायचा म्हणून साहेबांकडे एनओसी (ना-हरकत) मागितली तर म्हणे, झेरॉक्सचे बाकी आहेत, ते दिल्याशिवाय फाइल नाही. फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराची फाइल अडवता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं 2000 सालीच सांगून ठेवलंय. मला ते विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात कळलं. तिथं बाईला उत्पन्न न विचारता फुकट वकील मिळतो. जिनिंगमध्ये जे 'बाईमाणूस' नडलं, ते तिथं कामी आलं. सुप्रीम कोर्टाचं ते साहेबांना ऐकवल्यावर आठवड्याच्या आत फाइल हातात.

आता वकीलबाई आहेत. बाब 5 साठी दुरुस्तीचा अर्ज टाकलाय. निकालापर्यंत घरी बसवू नये म्हणून त्याच कायद्याच्या कलम 30(2) खाली अंतरिम अर्जही टाकला, जो आधीच टाकायला हवा होता. मालकाचं म्हणणं अजून यायचंय.

जुन्या वकिलांना दोन स्टार. एक मुदतीत तक्रार टाकल्याचा, दुसरा मुन्शीचा.