अकरा महिन्यांनंतर: जिंकूनही तेच हातमोजे

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत हा गेम सुरू केला. परवा त्यात स्वतःचा हिशोब काढून पाहिला, तर आकडा आला 27 दिवस 4 तास. म्हणजे साडेसहाशेच्या वर तास. त्यातले जेमतेम 130 तास कथा आणि लेव्हल वाढवण्यात गेले. उरलेला सगळा वेळ एंडगेममध्ये, म्हणजे शेवटची लेव्हल गाठल्यावर जे काही उरतं त्यात. हा अनुभव त्या उरलेल्या वेळाबद्दल आहे. गेमचं नाव मी देत नाही, कारण जे खटकतं ते एकाच गेमपुरतं नाही. मल्टिप्लेअर आरपीजी, म्हणजे आपलं एक पात्र घेऊन अनेकांनी ऑनलाइन मिळून खेळायचे गेम, खेळणाऱ्या कुणालाही ते वाचता वाचता ओळखू येईल.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरोखर चांगलं आहे. पहिले दोन महिने मी अक्षरशः भारावलो होतो. नवीन प्रदेश उघडला की आधी नकाशाकडे न बघता नुसता हिंडायचो. एका गावात म्हातारा नावाडी भेटतो, त्याची गोष्ट तीन भागांत उलगडते आणि शेवटी तो आपल्याला त्याची होडी देतो. ती होडी मी अजून वापरतो, तिच्यापेक्षा वेगवान वाहनं असूनही. संगीत उत्तम आहे. लढाईत हाताला लय सापडते. कथेला मी पाचपैकी साडेचार देईन.

मग लेव्हल संपली आणि आठवडा सुरू झाला. एंडगेमचं एकक दिवस नसून आठवडा आहे. आमचा रीसेट गुरुवारी. त्या दिवशी सगळ्या रेडचे, म्हणजे गटाने मिळून करायच्या मोठ्या मोहिमांचे, दरवाजे पुन्हा उघडतात, वस्तू घ्यायला लागणाऱ्या टोकनची आठवड्याची मोजणी शून्यावर येते आणि पुढच्या सात दिवसांची कामं समोर येतात. पुण्यात गुरुवार हा लाइट जायचा वार, त्यामुळे कितीतरी गुरुवारी घरून काम करताना मी राउटरचा दिवा कधी लागतो याची वाट पाहत बसलो आहे. आठ डंजन, म्हणजे शत्रूंनी भरलेली छोटी भुयारं, तीच आठ. त्यातलं एक मी 143 वेळा केलंय. तिसऱ्या वळणावरचा पहारेकरी कुठलं वाक्य बोलून अंगावर येणार हे मला पाठ आहे. माझा मामेभाऊ हीलर, म्हणजे गटाच्या जखमा भरणारा, खेळतो. तो ते वाक्य पहारेकऱ्याच्या आधी म्हणायचा. सुरुवातीला आम्ही हसायचो, नंतर नुसतं म्हणायचो.

सर्व्हर युरोपातला. पुण्यातून पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ, साधारण 140 ते 150 मिलिसेकंद राहतो, त्याची सवय होते. वेळेची होत नाही. तिकडे रात्रीचे आठ वाजले की इकडे साडेअकरा, आणि ऑक्टोबरच्या शेवटी त्यांची घड्याळं मागे गेली की साडेबारा. आमच्या गिल्डचा, म्हणजे कायमच्या गटाचा, टँक (शत्रूचे घाव स्वतःवर घेणारा) पोलंडचा, दोघं जर्मनीचे, आम्ही दोघं भाऊ पुण्याचे. माणसं सोन्यासारखी. कुणी चुकलं तर ओरडत नाहीत, पुन्हा समजावून सांगतात. त्यांच्यासाठीच मी इतके महिने टिकलो.

आता मूळ दुखणं. रेडमधल्या शेवटच्या बॉसकडे, म्हणजे सगळ्यात बलाढ्य शत्रूकडे, एक अंगठी होती, माझ्या पात्राला सगळ्यात योग्य. त्याला हरवल्यावर पेटीतून ती मिळण्याची शक्यता 15 टक्के, आणि आठवड्यातून एकच संधी. ऐकायला 15 टक्के बरे वाटतात. हिशोब मांडून पाहा. दर आठवड्याला न मिळण्याची शक्यता 85 टक्के. ती दहा वेळा गुणली की साधारण 20 टक्के उरतात. म्हणजे पाचांतला एक खेळाडू दहा आठवडे, अडीच महिने, एकही चूक न करता खेळला तरी त्याचा हात रिकामाच. चौदा आठवड्यांनंतरही दहांतला एक तसाच. मी त्या दहांतला होतो.

चौदाव्या आठवड्याची रात्र नीट आठवते. पावणेदोन वाजले होते. दोन वेळा सगळे मेलो होतो, तिसऱ्यांदा टँक पडला आणि आम्ही चौघांनी बॉसचा उरलेला चार टक्के जीव त्याला पळवत पळवत संपवला. इतकी चांगली लढाई आमच्याकडून त्याआधी झालेली नव्हती. हेडफोनमध्ये सगळे ओरडत होते. मी पेटी उघडली. आत हातमोजे होते, चौथ्यांदा. तेच, निळ्या काठाचे. ते मोडून मिळणारी भुकटी माझ्याकडे पोत्याने पडली होती. मी हेडफोन काढून ठेवला. आई पाणी प्यायला उठली होती. तिने दारातून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय रे, हरलास का?"

मी म्हटलं, "नाही गं, जिंकलो."

ती काही न बोलता दिवा मालवून गेली. मला त्या रात्री झोप लागली नाही. आयुष्यातली सगळ्यात चांगली लढाई खेळून माझा चेहरा हरल्यासारखा दिसत होता. यात गेमचं काहीतरी मुळातच चुकलंय असं मला तेव्हा पहिल्यांदा स्पष्ट वाटलं.

अंगठी सोळाव्या आठवड्यात मिळाली. अठराव्यात नवा पॅच, म्हणजे गेममध्ये नवी भर, आला. त्यातल्या पहिल्याच, सगळ्यात सोप्या बॉसकडून तिच्याहून वरच्या दर्जाची अंगठी मिळायला लागली, तीही टोकन देऊन, हमखास. चार महिन्यांची मेहनत दोन आठवडे बोटात राहिली.

लोक म्हणतात, तेच तेच करून कंटाळा येणारच. मला हे पटत नाही. दर रविवारी पहाटे आम्ही आतकरवाडीतून सिंहगड चढतो. तीच वाट, तेच दगड, दमायची जागाही तीच. पहिल्यांदा सव्वा तास लागला होता, आता पन्नास मिनिटांत वर पोचतो. कधी कंटाळा आला नाही, कारण प्रत्येक चढणीचा हिशोब माझ्या पायांत राहतो. गेममध्येही हे जमतं. ओल्ड स्कूल रूनस्केप पाहा, 2013 पासून चालू आहे. त्यात एका कौशल्याची 99 वी लेव्हल गाठायला 1 कोटी 30 लाख 34 हजार 431 गुण लागतात, आणि 92 व्या लेव्हलला तुम्ही जेमतेम अर्ध्यावर असता. याच्याइतकी पुनरावृत्ती कुठे नसेल. तरी लोक वर्षानुवर्षं तिथे झाडं तोडत बसतात, कारण तोडलेलं प्रत्येक लाकूड आकड्यात जमा होतं. एकही घाव वाया जात नाही. माझ्या गेममध्ये चौदा आठवड्यांचे घाव वाया गेले, आणि मी आधीपेक्षा कितीतरी बरा खेळायला लागलो होतो याची त्या पेटीला काही खबर नव्हती.

कंपन्यांची अडचण मला कळते. मी स्वतः हिंजवडीत सॉफ्टवेअरचंच काम करतो. एक रेड बनवायला मोठ्या टीमचे कित्येक महिने जातात आणि खेळाडू ती दोन-तीन आठवड्यांत फस्त करतात. पैसे मात्र महिन्याला येतात. मग मधली पोकळी भरायला आठवड्याचं कुलूप, टोकनची मर्यादा आणि नशिबाची पेटी येते. हे जुनंच आहे. 1999 च्या एव्हरक्वेस्टमध्ये लोक एकाच राक्षसाच्या जागेवर तासन्‌तास नंबर लावून बसायचे. 2004 मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आला, त्याच्या सुरुवातीच्या मोठ्या रेडला 40 माणसं लागायची, आणि रेडचा दरवाजा आठवड्याला एकदा हा नेम तिथे पक्का रुजला. तेव्हाचे खेळाडू विद्यार्थी असतील, त्यांच्याकडे वेळ होता. आज तेच लोक चाळिशीत आहेत, पोरांना शाळेत सोडतात. कुलूप मात्र तसंच आहे.

दुसरा रस्ता नाही असंही नाही. गिल्ड वॉर्स 2 ऑगस्ट 2012 मध्ये आला, त्याला मासिक वर्गणी नाही. लेव्हलची मर्यादा तेव्हा 80 होती आणि इतके विस्तार येऊनही 80 च राहिली. त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या वरच्या दर्जाच्या वस्तू अजूनही जुन्या पडलेल्या नाहीत. नवं काय मिळतं तर नवी वाहनं, नव्या क्षमता, हिंडायला नव्या जागा. फायनल फँटसी 14 मध्ये आठवड्याच्या मर्यादा आहेतच, पण त्याचे निर्माते नाओकी योशिदा यांनी जाहीरपणे सांगितलंय की मन भरलं तर वर्गणी थांबवा, दुसरे गेम खेळा, नवीन काही आलं की परत या. खेळाडूच्या वेळेला कुणीतरी मोल देतंय हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं.

माझी मागणी तेवढीच आहे. पेटी ठेवा, पण सोबत मोजणी ठेवा: आठ वेळा जिंकलो की नवव्या वेळी हवी ती वस्तू मिळालीच पाहिजे. आणि पॅच आला की जुनी आठ डंजन कुलुपात टाकू नका, सगळ्यांना आलटून पालटून काम द्या. त्या नावाड्याच्या गावाकडे जायला मला आज एकही कारण उरलेलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. एंडगेमला पाचपैकी दोन.

नवीन सुरू करणाऱ्यांनी जरूर खेळा. दोन महिने घ्या, कथा सावकाश पुरवून पुरवून खेळा, आणि शेवटची लेव्हल झाली की वर्गणी बंद करून टाका. महिन्याचे हजारभर रुपये त्या दोन महिन्यांसाठी पूर्ण वसूल आहेत.

मामेभाऊ माझ्याआधी थांबला. कर्वे रस्त्यावरच्या अमृततुल्यमध्ये चहा घेताना खाली बघत म्हणाला, "दादा, या गुरुवारपासून मला धरू नकोस." मी का म्हणून विचारलं नाही. त्याच्यानंतर पाच आठवडे दुसऱ्याच हीलरबरोबर खेळलो. मुलगी नवीन आहे, रोमेनियाची, हात चांगला आहे, पण गेममधल्या औषधांना तिच्याकडे पैसे नसतात.

माझी वर्गणी या महिन्याच्या 18 तारखेला संपते. काल रात्री गिल्डच्या तिजोरीत माझ्याकडच्या सगळ्या औषधांच्या बाटल्या ठेवल्या, चारशेच्या आसपास होत्या, आणि वर तिचं नाव लिहिलं. अजून पोलंडच्या टँकला सांगायचं राहिलंय.