बीटलचा बदललेला गिअरबॉक्स : नऊ महिने आणि साडेसहा हजार किलोमीटरनंतर

माझी फोक्सवॅगन बीटल 1964 ची, 1200 इंजिनाची. बारा व्होल्टवर ती माझ्याकडे येण्याआधीच आणलेली होती. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की तिसरा गिअर सुटायचा आणि दांडा झटक्यानं न्यूट्रलला यायचा. पहिले काही महिने मी हातानं दांडा धरून चालवली. मग गाडीच्या तळाच्या मधल्या बोगद्यातल्या शिफ्ट रॉडचा (गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सकडे जाणारी सळई) बुश, म्हणजे आधाराची कडी, बदलला, कारण तो झिजला तरी गिअर सैल लागतात आणि ते काम गिअरबॉक्स उतरवण्याच्या मानानं फारच सोपं. दांडा छान घट्ट झाला, पण तिसरा सुटायचा तो सुटतच राहिला. शेवटी तेल काढलं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप असतो, त्याचं काही वाटत नाही. माझ्या प्लगवर नखाएवढे चकचकीत तुकडे होते. ते पाहिल्यावर दुसरा गिअरबॉक्स शोधायचं ठरलं.

बीटल 2003 पर्यंत बनत होती आणि एकूण दोन कोटी पंधरा लाखांहून जास्त बनल्या, त्यामुळे गिअरबॉक्स मिळायला काय हरकत आहे, असं मला वाटत होतं. मिळतात खरेच, पण ‘बीटलचा गिअरबॉक्स’ अशी एक वस्तूच नाही. 1960 पर्यंतच्यांचं आवरण दोन फाकांचं आणि पहिल्या गिअरला सिंक्रो (दात न घासता गिअर लावून देणारी रचना) नाही. 1961 च्या मॉडेलपासून एकसंध आवरण आणि चारही गिअरना सिंक्रो आला. पुढे काही मॉडेलांना स्विंग ॲक्सल (फक्त गिअरबॉक्सपाशी सांधा असलेले) जाऊन दोन सांध्यांचे ॲक्सल आले. तो गिअरबॉक्स माझ्या गाडीला लावायचा तर मागचं सगळं सस्पेन्शनच बदलावं लागलं असतं. ऑगस्ट 1970 नंतरच्यांत क्लचचं रिलीज बेअरिंग मधल्या नळीवर सरकतं, आधीच्यांत ते फोर्कवर क्लिपनं बसतं, आणि प्रेशर प्लेटही त्यानुसार वेगळी लागते. म्हणून मी स्वतःला मर्यादा घातली : 1961 ते 1968, स्विंग ॲक्सल, जुन्या पद्धतीचं बेअरिंग.

पहिला गिअरबॉक्स पाहिला तो धुतलेला, रंगवलेला, देखणा. विकणाऱ्यानं सांगितलं, बीटलचाच आहे. बेलहाउसिंग, म्हणजे इंजिनाला जोडलं जाणारं तोंड, माझ्याकडे करून तो जमिनीवर सरळ ठेवला, पहिला गिअर टाकला आणि इनपुट शाफ्ट घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवला. मागून पाहिलं तर बीटलचं इंजिन त्याच दिशेनं फिरतं. अशा वेळी ॲक्सलची वरची बाजू माझ्यापासून लांब जायला हवी, ती माझ्याकडे येत होती. हा जुन्या व्हॅनचा गिअरबॉक्स. 1967 पर्यंतच्या फोक्सवॅगन व्हॅनला चाकांपाशी रिडक्शन गिअर असत आणि ते दिशा उलटवत, म्हणून क्राउन व्हील (ॲक्सल फिरवणारं मोठं दातेरी चाक) दुसऱ्या बाजूला बसवलेलं असे. तसाच बीटलला लावला असता तर एक गिअर पुढे आणि चार मागे, अशी गाडी झाली असती. क्राउन व्हीलची बाजू बदलता येते, पण त्यासाठी सगळा खोलून डिफरन्शिअल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी रचना) पुन्हा मोजून बसवावा लागतो.

दुसऱ्याबद्दल सांगितलं होतं की फायनल ड्राइव्ह (चाकांआधीची शेवटची गिअरजोडी) उंच आहे, म्हणजे त्याच वेगाला इंजिन कमी फेरे घेतं. इथे ज्या युक्तीनं मला वाचवलं ती सविस्तर सांगतो. चौथा गिअर टाकायचा. एका बाजूचा ॲक्सल घट्ट धरून ठेवायचा, दुसऱ्या बाजूचा वीस फेरे फिरवायचा आणि इनपुट शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजायचे. चौथ्याचं प्रमाण 0.89 आहे. फायनल ड्राइव्ह 4.375 असेल तर जवळजवळ 39 फेरे होतात, 4.125 असेल तर पावणेसदतीसच्या आसपास आणि 3.875 असेल तर साडेचौतीस. सोबत कुणी असेल तर दहा मिनिटांचं काम. त्या ‘उंच’ गिअरबॉक्समध्ये 39 आले, म्हणजे माझ्या जुन्यात होतं तेच. आवरण नंतरचं आणि पोटात जुनं क्राउन-पिनिअन, म्हणजे फायनल ड्राइव्हची जोडी. साठ वर्षांत हे गिअरबॉक्स किती वेळा उघडले गेले असतील कोण जाणे, त्यामुळे आवरणावरच्या कोरलेल्या अक्षरांवर मी आता विसंबत नाही.

तिसरा गिअरबॉक्स मिळाला तो 1968 च्या 1500 इंजिनाच्या बीटलचा. मोजून पावणेसदतीस. तो घेतला.

बसवताना खरा वेळ गेला तो ॲक्सलमध्ये. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मागच्या दोन चाकांमधलं अंतर वाढलं, त्यामुळे त्या गिअरबॉक्सचे ॲक्सल आणि त्यांच्या नळ्या माझ्यापेक्षा लांब. तसेच लावले असते तर मागची चाकं मडगार्डच्या जवळ गेली असती आणि ब्रेकचंही जुळवावं लागलं असतं. म्हणून माझे जुने आखूड ॲक्सल नव्यात घातले. ॲक्सलचं चपटं टोक डिफरन्शिअलच्या साइड गिअरमध्ये बसतं आणि ती जोडी मापाची असते. फार सैल झाली तर खडखडते, घट्ट झाली तर जळते. माझी डावी जोडी चांगली जमली. उजवीला मात्र जुना साइड गिअरही ॲक्सलसोबतच आणावा लागला. नळीच्या मुळाशी वेगवेगळ्या जाडीचे कागदी गॅस्केट येतात. नळी हातानं वरखाली सहज हलली पाहिजे, पण आतबाहेर हलता कामा नये. उजव्या बाजूला मी चार वेळा उघडझाक केली, तेव्हा कुठे ते जमलं. या कामाची घाई करू नका.

स्टार्टरच्या बुशकडेही लक्ष द्या. सहा आणि बारा व्होल्टच्या स्टार्टरची दांडी वेगळ्या जाडीची. माझ्या जुन्या गिअरबॉक्सला जोड-बुश होता आणि मोठ्या फ्लायव्हीलसाठी आतून घासलेलंही होतं. नव्याला यातलं काहीच करावं लागलं नाही. पुढचा रबर माउंट मात्र वेगळा निघाला, तो नवा आणला.

मागच्या सीटखालचं झाकण काढलं की शिफ्ट रॉडचं कपलिंग दिसतं. त्याचा चौकोनी डोक्याचा स्क्रू गिअरबॉक्सच्या दांड्यावरच्या खळग्यात नेमका बसायला हवा आणि त्याला तारेचा वळसा हवा. माझ्या जुन्याला तार नव्हतीच. इतकी वर्षं तो स्क्रू कशाच्या भरवशावर होता, या विचारानं आजही पोटात गोळा येतो.

पहिले दोन आठवडे रिव्हर्स लागायला त्रास झाला. दांडा खाली दाबून डावीकडे न्यायचा तिथे तो अडायचा. दोष गिअरबॉक्समध्ये नव्हता. दांड्याच्या बुडाचे दोन बोल्ट सैल करून, दुसरा गिअर टाकून दांडा जवळजवळ उभा राहील असं बूड सरकवलं आणि अडचण संपली. मागच्या चाकांचे 36 चे मोठे नट तीनशे न्यूटन-मीटरच्या आसपास आवळावे लागतात. ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासले, तर उजवा थोडा सरकला होता.

तेल SAE 90 (ही जाडी), GL-4 (हा दर्जा). GL-5 मधली काही रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना बरी नाहीत, म्हणून मी तो धोका घेत नाही. आधी भरायचा प्लग उघडा, 17 च्या ॲलन-कीनं. तो उघडला नाही आणि खालचा आधीच काढला असेल तर पंचाईत होते. भरताना तेल लगेच ओठाशी येतं आणि ‘भरलं’ असं वाटतं. थांबा, ते आत हळूहळू उतरतं. साधारण अडीच लिटर बसतं. पाचशे किलोमीटरनंतर बदललं तेव्हा चुंबकावर फक्त लेप होता, तुकडा एकही नाही. त्या दिवशी मी तो प्लग घरातल्या सगळ्यांना दाखवला.

आता चालवण्याबद्दल. आधी 80 च्या वेगाला इंजिन साधारण 2600 फेरे घ्यायचं, आता 2450. कागदावर फरक लहान, कानाला मोठा. लांबच्या प्रवासात मागून येणारी ती सततची घरघर एक पायरी खाली उतरली आहे. चढावर चौथ्यातून तिसऱ्यात थोडं लवकर यावं लागतं, पण तिसरा आता धरून राहतो. 3.875 वाला मिळत असता तरी 34 अश्वशक्तीच्या 1200 ला मी तो लावला नसता, टॉप गिअरमध्ये चढावर दम तुटला असता. मोठं इंजिन असेल तर तो जरूर पाहा.

सकाळी थंड असताना दुसरा गिअर पहिला किलोमीटरभर जड जातो, म्हणून मी त्याला घाई करत नाही. उजव्या ॲक्सलच्या रबर बुटातून सहाव्या महिन्यात तेल झिरपू लागलं. बुटाच्या जोडाचे स्क्रू मी गाडी जॅकवर असतानाच आवळले होते, त्यामुळे चाक खाली टेकल्यावर बूट पिळला गेला. गाडी चाकांवर उभी ठेवून, जोड आडवा करून पुन्हा बसवला. तेव्हापासून खाली अंथरलेला पुठ्ठा कोरडा आहे.

जुना गिअरबॉक्स बाकावर उघडून ठेवलाय. तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या स्लायडरचे (गिअर गुंतवणारी सरकती कडी) दात एका बाजूनं गोलाई आल्यासारखे झिजलेत. आवरण मात्र धडधाकट आहे, बेअरिंगच्या जागाही चांगल्या. हब आणि स्लायडरची चांगली जोडी मिळाली की तोही बांधायला घेणार आहे.