घोड्याच्या पायाचा जेल-बूट: आपल्या उन्हाळ्यात कितपत उपयोगी?

गुडघ्याखालून घोट्यापर्यंत पाय वेढणारा आणि आतल्या उभ्या कप्प्यांत गोठवलेल्या जेलच्या पिशव्या सरकवण्याची सोय असलेला हा बूट आम्ही साडेचार हजार रुपयांना जोडी या भावाने ऑनलाइन मागवला. कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही, कारण याच घडणीचे बूट वेगवेगळ्या नावांनी विकले जातात आणि त्यांचे गुणदोषही साधारण सारखेच आहेत. आमच्या भीमथडी घोडीच्या पुढच्या डाव्या पायाचे, नळीमागचे (गुडघ्याखालच्या लांब हाडामागचे) टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, दुखावले होते आणि पशुवैद्यकांनी सोनोग्राफी करून तिला ठाणावरच विश्रांती व बर्फाचा शेक सांगितला होता. दौंड तालुक्यातला एप्रिल-मे म्हणजे दुपारी पत्र्याखाली माणसालाही उभे राहवत नाही असा काळ. बूट टाकाऊ नाही. परंतु सोबतच्या पत्रकावर विसंबून तो वापरला, तर अशा हवेत उपायापेक्षा अपायच होण्याची शक्यता अधिक, असे माझे मत झाले आहे.

प्रथम जमेची बाजू. दुखापतीनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत गारव्यामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, सूज आटोक्यात राहते आणि ठणकाही कमी होतो, म्हणून या काळात वीस-वीस मिनिटांचा शेक दिवसातून अनेकदा द्यावा लागतो. बर्फाच्या बादलीत पाय धरून ठेवायचा तर मोतद्दाराला सगळा वेळ घोड्याजवळ थांबावे लागते, आणि जनावर बुजरे असेल तर पहिल्या पाच मिनिटांतच बादली लवंडते. बूट मात्र अर्ध्या मिनिटात बांधून होतो, आणि आमच्या घोडीने तो पहिल्यापासूनच निमूटपणे बांधून घेतला.

खरी अडचण पुढे आहे. पत्रकात बूट तासभर ठेवण्यास हरकत नाही असे छापले आहे. आमच्या गोठ्यात जेलचा गारवा अर्ध्या तासाच्या आतच ओसरत असे, आणि त्यानंतर तोच जाड रबरी कापडाचा बूट पायाची स्वतःची ऊब आत कोंडून ठेवू लागे. बूट सोडल्यावर तळहाताची मागची बाजू नळीला लावून पाहिली, तर उशिरा सोडलेला पाय न बांधलेल्या पायापेक्षा गरम लागत असे आणि खालचे केस घामाने चिकटलेले असत. दुखावलेल्या टेंडनला ही ऊब घातक असते. म्हणून वीस मिनिटे झाली की बूट सोडायचाच, हा नियम आम्ही भिंतीवर खडूने लिहून ठेवला.

दुसरा दोष घडणीचा आहे. गोठलेली पिशवी लाकडासारखी ताठ होते. ती नळीच्या हाडावर टेकते, पण हाड आणि टेंडन यांच्यामधल्या खाचेत शिरत नाही, आणि नेमका शेक हवा असतो तो तिथेच. पिशव्या पूर्ण न गोठवता वाकतील इतपतच गोठवल्या, तर ही उणीव बरीच भरून निघते. तरीसुद्धा बर्फ घातलेले पाणी पायाला सर्व बाजूंनी भिडते, त्याची बरोबरी जेल करू शकत नाही. पायावर पाइपने पाणी सोडण्याचा पर्यायही चांगला आहे. मात्र स्लॅबवरच्या काळ्या टाकीतले दुपारचे पाणी जवळजवळ उकळतेच असते, तेव्हा ते बोअरवेलचे थेट घ्यावे आणि पाइपात तापलेले पहिले पाणी आधी वाहून जाऊ द्यावे.

बूट बांधला की आपली जबाबदारी संपली असे वाटू लागते, हा त्याचा न दिसणारा तोटा आहे. ठाणावर उभे असलेले जनावर हिंडत नाही. त्यातच पाणी कमी पडले की आतड्यात चारा अडकून पोटशूळ उठतो. घोड्याला एरवीही दिवसाला २५ ते ५० लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून अधिक. म्हणून पाणी बादलीनेच द्यावे, म्हणजे किती प्याले ते कळते. घामावाटे मीठ फार जाते, त्यामुळे तोबऱ्यात मीठ घालावे, दाणा कमी करावा आणि गवत भिजवून द्यावे. फेनिलब्युटाझोनसारखे वेदनाशामक चालू असताना शरीरात पाणी कमी असेल, तर मूत्रपिंड आणि जठर या दोहोंना इजा होऊ शकते. सगळा भार पेलणाऱ्या दुसऱ्या पायाचे खूर तापले आहे का आणि घोट्याजवळची नाडी जोरात उडते आहे का, हेही रोज पाहावे लागते, कारण त्या पायाचे खूर आतून सुजले तर ते दुखणे मूळ दुखापतीपेक्षा भारी पडते. पत्रकात यांपैकी कशाचेही अवाक्षर नाही. बूट विकणाऱ्याने एवढे सांगायला हवे, ही अपेक्षा मला तरी अवाजवी वाटत नाही.

विक्रीनंतरच्या सेवेबद्दल फारसे चांगले लिहिता येत नाही. एका पिशवीची शिवण उसवून जेल गळू लागले; छायाचित्रे मागवली गेली, आणि बदली पिशवी आली तोवर पाऊस सुरू झाला होता. चिकटपट्टीत कडब्याचा भुसा अडकून तिची पकड सैल होते, ती जुन्या दातब्रशने साफ करत राहावे लागते.

माझ्याकडून पाचपैकी तीन गुण. फ्रीजरची खात्री नसेल किंवा भारनियमन फार असेल, तर हा खर्च करू नये. बादली आणि बर्फाची लादी पुरेशी आहे. घ्यायचाच असेल तर मापाकडे लक्ष द्यावे: मध्यम माप आमच्या बेताच्या उंचीच्या घोडीला सैल होऊन घोट्यावर घसरत होते, तेव्हा देशी घोड्यांसाठी पोनीचेच माप मागवावे. सुटा एकच बूट मिळत असेल तर तोच घ्यावा आणि वाचलेल्या पैशांत जेल-पिशव्यांचा दुसरा संच घ्यावा, म्हणजे एक संच पायावर असताना दुसरा गोठत राहील.