व्हर्जिनियात शाळेतल्या मुलांना गाडी शिकवायचं एन्डोर्समेंट : कोर्स कसा आहे?

मी नॉर्दर्न व्हर्जिनियात हायस्कूलला मॅथ्स शिकवते आणि गेल्या वर्षी ड्रायव्हर एज्युकेशनचं एन्डोर्समेंट घेतलं, म्हणजे शाळेतल्या मुलांना गाडी शिकवायची अधिकृत परवानगी. तेव्हापासून इथल्या मंडळातले ओळखीचे शिक्षक विचारतायत की कोर्स कसा आहे, उन्हाळ्याची सुट्टी त्यात घालवावी का, म्हणून एकदाच सगळं लिहिते. थोडक्यात सांगायचं तर घ्या, नक्की घ्या, पण गाडीतला भाग जिथे मनापासून शिकवतात तिथेच घ्या, कारण या कोर्सचा सगळा जीव त्या भागात आहे. कॉलेजचं नाव देत नाही कारण काही तक्रारी पण आहेत आणि त्या बऱ्याच ठिकाणी सारख्याच असाव्यात.

ज्यांना इथली पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी जरा आधीचं सांगते. आपल्याकडे गाडी शिकायची म्हणजे मोटार ट्रेनिंग स्कूल आणि मग आरटीओ. अमेरिकेत मात्र हा शाळेतला विषय म्हणून वाढला. १९३४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावच्या हायस्कूलमध्ये एमॉस नेहार्ट नावाच्या पेन स्टेट विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी मुलांना गाडी शिकवायला सुरुवात केली, आणि शिकवणारे शिक्षक आधी तयार करायला हवेत हेही त्यांनीच लवकर ओळखलं, शिक्षकांसाठी वर्ग घेतले. आता बऱ्याच राज्यांत हे काम खाजगी ड्रायव्हिंग स्कूल्सकडे गेलंय, पण व्हर्जिनियात अजून पब्लिक स्कूलमध्ये दहावीच्या हेल्थ-पीईच्या (आरोग्य आणि शारीरिक शिक्षण) तासांना थिअरी शिकवतात. ५० मिनिटांचे ३६ तास वर्गात, आणि मग गाडीतले १४, त्यातले ७ स्वतः चालवायचे आणि ७ मागे बसून दुसऱ्याचं बघायचे.

आता महत्त्वाची गोष्ट. इथे १८ वर्षांखालच्या मुलाची शेवटची रोड टेस्ट एरवी डीएमव्हीचा, म्हणजे इथल्या आरटीओचा, माणूस घेत नाही, गाडी शिकवणारा शिक्षकच घेतो! मूल पास झालं की तोच १८० दिवसांचं तात्पुरतं लायसन्स हातात देतो, आणि पक्कं लायसन्स नंतर कोर्टात जज देतात, आईबाबांना सोबत घेऊन जायचं असतं त्या समारंभाला. म्हणजे सोळा वर्षांच्या पोराला ताशी ६५ मैल वेगाच्या हायवेवर एकटं सोडायचं की नाही हे शिक्षक ठरवणार. एवढी जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला तयार कसं करतात हा प्रश्न मला कोर्सच्या आधीपासून होता, आणि हा रिव्ह्यू मी त्याच नजरेतून लिहितेय.

एन्डोर्समेंट तुमच्या टीचिंग लायसन्सवर जोडलं जातं, म्हणजे आधी तुम्ही लायसन्सवाले शिक्षक हवेत, विषय कुठलाही चालतो. त्यासाठी ६ क्रेडिट्स, दोन कोर्स. पहिला ट्रॅफिक सेफ्टीचा पाया आणि दुसरा शिकवायचं कसं त्याचा. शिवाय स्वतःचं ड्रायव्हिंग रेकॉर्ड स्वच्छ लागतं, ते बघतात, आणि बघायलाच हवं.

पहिल्या कोर्सबद्दल फार लिहीत नाही. बहुतेक ऑनलाइन, स्लाइड्स, दर आठवड्याला क्विझ आणि डिस्कशन बोर्डवर दोन परिच्छेद लिहायचे. कायदे, चिन्हं, दारू, थकवा, फोन, गाडीचं फिजिक्स. विषय चांगले आहेत पण मांडणी सपाट. आणि नव्या गाड्यांमधल्या लेन असिस्ट, आपोआप लागणारे ब्रेक वगैरेंवर जेमतेम एक स्लाइड होती, ते मला अजिबात पटलं नाही, कारण आज मुलं घरी ज्या गाडीवर प्रॅक्टिस करतात तीच गाडी स्टिअरिंग ओढते, बीप करते, मागचा कॅमेरा दाखवते, आणि शिक्षकाला त्यावर काय सांगायचं ते माहीत पाहिजे.

एक भाग मात्र फार आवडला. प्रोफेसरांनी जॉर्जियातल्या डिकॅल्ब काउंटीचा अभ्यास पूर्ण उघडून दाखवला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिथे हजारो मुलांना गटांत वाटून, एका गटाला भरपूर तासांचं उत्तम ट्रेनिंग देऊन, पुढे त्यांचे अपघात मोजले, आणि त्या चांगल्या ट्रेनिंगने अपघात टिकाऊ कमी झाले असं काही ठामपणे दिसलं नाही. ऐंशीच्या दशकात शाळांमधले हे वर्ग कमी होत गेले त्यामागे या निकालाचा मोठा हात. ड्रायव्हर एज्युकेशन शिकवणाऱ्यांच्याच कोर्समध्ये हे लपवून न ठेवता शिकवणं मला प्रामाणिक वाटलं. पुढे चर्चा झाली की नुसत्या तासांनी मूल सुरक्षित होत नाही, नंतरची आईबाबांसोबतची प्रॅक्टिस आणि टप्प्याटप्प्याने मिळणारं लायसन्स हे दोन्ही लागतं. म्हणून तर इथे साडेपंधराला पर्मिट, म्हणजे शिकाऊ लायसन्स, ते किमान ९ महिने ठेवायचं, ४५ तास घरच्यांसोबत चालवायची आणि त्यातले १५ सूर्यास्तानंतरचे, आणि लायसन्स मिळालं तरी मध्यरात्री ते पहाटे ४ गाडी काढायची नाही, पहिल्या वर्षी २१ खालचा एकच मित्र गाडीत.

आता दुसरा कोर्स. याच्यासाठी मी हे सगळं लिहितेय.

यात १४ तास खऱ्या गाडीत, देखरेखीखाली शिकवायचं असतं. तुम्ही उजव्या सीटवर, पायाशी इन्स्ट्रक्टर ब्रेक, समोर तुमचा वेगळा आरसा, आणि आणखी एक छोटा आरसा ज्यात मुलाचे डोळे दिसतात. तो डोळ्यांचा आरसा मला सगळ्यात मोलाचा वाटला. मूल म्हणतं मी ब्लाइंड स्पॉट (आरशात न दिसणारा भाग) बघितला, पण डोळे हललेलेच नसतात, नुसती मान हलते, आणि हे फक्त त्या आरशात कळतं.

आमच्या इन्स्ट्रक्टर बाई पूर्वी शाळेत पीई शिकवायच्या, आयुष्य गेलंय त्यांचं त्या सीटवर. पहिल्याच दिवशी त्यांनी सूचना कशा द्यायच्या ते शिकवलं. आधी जागा, मग कृती. 'उजवीकडे वळ, पुढच्या सिग्नलला' असं म्हटलं तर नवशिकं मूल पहिला शब्द ऐकूनच स्टिअरिंग फिरवतं, तेच 'पुढच्या सिग्नलला, उजवीकडे' म्हटलं की त्याला आधी सिग्नल शोधावा लागतो. एवढासा बदल, पण गाडी लगेच शांत चालायला लागते. मग हस्तक्षेपाच्या पायऱ्या, आधी प्रश्न विचारायचा, मग स्पष्ट सूचना, मग डाव्या हाताने स्टिअरिंगला खालून आधार, आणि ब्रेक सगळ्यात शेवटी. कारण तुम्ही दर वेळी ब्रेक मारलात तर मूल वेग सांभाळायचं शिकतच नाही, ते तुमच्या पायावर विसंबून राहतं. आणि तरीही कधी क्षणभर न थांबता ब्रेक मारायचा, ती वेळ ओळखण्याची प्रॅक्टिस पण त्या करून घ्यायच्या, रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये, मुद्दाम चूक करणारा सहकारी स्टिअरिंगवर बसवून.

रेफरन्स पॉइंट्सचा भाग पण अप्रतिम. स्टॉपलाइन उजव्या साइड मिररच्या खाली दिसली की गाडीचं नाक लाइनपाशी आलं, उजवा कर्ब, म्हणजे रस्त्याची उंच कड, बॉनेटच्या साधारण मधोमध दिसला की चाकं कर्बपासून काही इंचांवर, अशा खुणा मुलाला त्याच्या सीटवरून शोधून द्यायच्या. पण शिक्षक बसलाय दुसऱ्या सीटवर, त्याला तीच लाइन वेगळ्या जागी दिसते, म्हणून त्याला स्वतःच्या खुणा वेगळ्या शोधाव्या लागतात. हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. चांगली गाडी चालवणारे कितीतरी लोक शिकवायला बसले की गोंधळतात त्याचं एक साधं कारण हे असणार.

मग बोलतं ड्रायव्हिंग. आधी शिक्षकाने स्वतः चालवत मोठ्याने बोलायचं की मला काय दिसतंय, त्याचं काय होऊ शकतं आणि मी काय करणार, पुढचे १२ ते १५ सेकंद बघत, आणि नंतर मुलाने तेच करायचं. इथे शोधा, ठरवा, करा अशी तीन पायऱ्यांची पद्धत शिकवतात. 'डावीकडे कचऱ्याची गाडी थांबलीये, मागून माणूस येऊ शकतो, मी वेग कमी करून उजवीकडे जागा ठेवतेय.' मूल बोलायला लागलं की त्याच्या डोक्यात काय चाललंय ते ऐकू येतं, आणि जिथे ते गप्प होतं तिथे त्याला काय दिसत नाहीये ते कळतं. मॅथ्सच्या वर्गात मी मुलांना पायऱ्या मोठ्याने बोलून सोडवायला लावते त्याचंच हे रूप, त्यामुळे मला ते लगेच भिडलं.

मागे बसलेल्या मुलाचं काय करायचं हेही शिकवतात, ते फार लोक विसरतात. तो फोनवर बसला तर ते तास वाया. त्याला कामं द्यायची, पुढच्या गाडीपासूनचं अंतर सेकंदांत मोज, ताशी ३५ मैलांच्या खाली २ सेकंद, ४५ पर्यंत ३ आणि त्याच्या वर ४, किंवा चालवणारा आरसे किती वेळाने बघतो ते टिपून ठेव.

तक्रार काय तर हे सगळं फार थोडं आहे. १४ तासांत रात्रीचं शिकवणं झालं नाही, पावसात झालं नाही, आणि हायवेवर मर्ज करायला, म्हणजे धावत्या गाड्यांच्या रांगेत शिरायला, शिकवणं अगदी घाईत उरकलं, जे इथे आमच्या भागात रोज करावं लागतं. मुलांना घरी १५ तास अंधारात चालवायला लावतो आपण आणि शिकवणाऱ्याला अंधारात शिकवायचा सराव नाही, हे बरोबर नाही. माझ्या मते पहिल्या कोर्समधला निम्मा स्लाइडचा भाग कमी करून गाडीतले तास दुप्पट करावेत. शिवाय रोड टेस्ट कशी घ्यायची, कुठल्या चुकीला नापास करायचं, पालक रडकुंडीला आले तरी ठाम कसं राहायचं, यावर एकच लेक्चर. मूल स्वतः शिकवलेलं असतं, जीव लावलेला असतो, आणि त्याच मुलाला 'अजून नाही' म्हणायचं असतं. यावर आठवडाभर तरी द्यायला हवा होता.

पालकांचा भाग पण तोकडा. नॉर्दर्न व्हर्जिनियात ९० मिनिटांचं पालक आणि मुलं एकत्र बसायचं सेशन सक्तीचं आहे, शाळेत ते आपल्यालाच घ्यावं लागू शकतं. आता आमच्याकडचे पालक बघा, लाउडन, फेअरफॅक्समध्ये किती भारतीय, त्यात मराठी घरं किती! आम्ही गाडी शिकलो सांगली, नाशिक, ठाण्याला, उजवीकडे स्टिअरिंग, पायाखाली क्लच, हॉर्न देऊनच ओव्हरटेक, आणि फोर-वे स्टॉप, म्हणजे चारही बाजूंनी सगळ्यांनी थांबायचं तो चौक, हा प्रकार इथे येऊन पहिल्यांदा बघितला. आपल्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ड्रायव्हिंग स्कूलच्या इन्स्ट्रक्टरला दहावी पास, पाच वर्षांचा ड्रायव्हिंगचा अनुभव आणि मोटार मेकॅनिक्सचं सर्टिफिकेट अशा अटी होत्या, म्हणजे गाडी येते का आणि गाडी कळते का ते बघायचे, शिकवता येतं का हे कुणी विचारायचं नाही. माझ्या सांगलीच्या सरांचे हात सोन्याचे होते, पण ते 'दाब, सोड, दाब' एवढंच बोलायचे. तेच आम्ही आमच्या मुलांशी करतो. बाबा वरचा हँडल धरून बसतात आणि 'ब्रेक, ब्रेक!' ओरडतात, मूल घाबरून भर रस्त्यात थांबतं. अशा पालकांना आधी जागा मग कृती, एवढी एक गोष्ट सेशनमध्ये करून दाखवली तरी ते ४५ तास सुधारतील. मी आता दाखवते, मराठी घरांना मराठीत सांगते, 'पुढच्या स्टॉपला, डावीकडे' असं म्हणायची सवय लावा म्हणून. कोर्समध्ये मात्र दुसऱ्या देशात गाडी शिकलेल्या पालकांचा विचारच नव्हता, आणि या भागात शिकवणाऱ्या कॉलेजने तो करायला हवा.

फी कॉलेजप्रमाणे बदलते, काही शाळा शिक्षकांना परतही देतात, आधी एचआरला विचारा. १६ ते १९ वयाच्या मुलांचं मैलामागे जीवघेण्या अपघाताचं प्रमाण २० च्या वरच्या लोकांच्या जवळपास तिप्पट आहे, तेव्हा हे काम करणारे चांगले शिक्षक हवेतच, आणि आपल्यातले अजून यावेत असं मला फार वाटतं. रोज पोरांसोबत काम करायची सवय असलेल्या कुठल्याही विषयाच्या शिक्षकाला हे जमेल. ज्यांना गाडीत भीती वाटते, आवाज चढतो, त्यांनी आधी एखाद्या अनुभवी शिक्षकासोबत मागच्या सीटवर बसून बघावं, शाळा परवानगी देत असेल तर.

पहिल्या कोर्सला माझ्याकडून ५ पैकी अडीच, दुसऱ्याला साडेचार. नाव घालायच्या आधी कॉलेजला तीन गोष्टी विचारा. इन-कार भाग कोण घेतं आणि त्यांनी स्वतः शाळेत किती वर्षं शिकवलंय, शिकवायला खरा पर्मिटवाला नवशिका मिळतो की वर्गातलेच सहकारी शिकाऊ बनून बसतात, आणि संध्याकाळचा एखादा तरी तास अंधारात ठेवतात का. तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असं आलं तरी घ्या, पण पहिल्या दोन्हींचं समाधानकारक आलं नाही तर दुसरं कॉलेज बघा, जरा लांब पडलं तरी.