आइन्स्टाइन टूलकिट : काळाचे काप निवडण्याच्या कसोटीवर

कृष्णविवरांच्या टकरीचे गणित संगणकावर मांडताना पहिला प्रश्न काळाचा येतो. अवकाशकालाचे एकामागून एक काप (प्रत्येक काप म्हणजे एका क्षणीचे सगळे अवकाश) कसे घ्यायचे, हे व्यापक सापेक्षता सिद्धांत ठरवून देत नाही. ते गणित करणाऱ्यानेच ठरवायचे असते. आइन्स्टाइन टूलकिट हा मुक्त आणि विनामूल्य सॉफ्टवेअर संच मी याच एका कसोटीवर तपासला.

एका कापापासून पुढच्या कापापर्यंत कोणत्या जागी किती काळ सरतो, हे लॅप्स फलन सांगते. संचातील मॅकलॅकलन या, आइन्स्टाइनची समीकरणे काळात पुढे नेणाऱ्या भागात हे फलन कसे बदलत जाईल, ते मुख्यतः दोन पॅरामीटरांवर ठरते. हार्मोनिक-एन १ आणि हार्मोनिक-एफ २ ठेवले, की ‘वन प्लस लॉग’ काप मिळतात. अनुक्रमे २ आणि १ ठेवले, की हार्मोनिक काप. एफ शून्य करून लॅप्स सर्वत्र १ धरला, तर जिओडेसिक काप मिळतात, म्हणजे कापांवरचे निरीक्षक मुक्तपणे पडत राहतात, आणि एकाकी कृष्णविवरावर हा प्रयोग नवशिक्याने एकदा अवश्य करावा. क्षितिजावर, म्हणजे जिथून प्रकाशही परतत नाही त्या सीमेवर, सुरुवातीला स्थिर असलेल्या निरीक्षकाला सिंग्युलॅरिटीत, म्हणजे वक्रता अनंत होते त्या जागी, पोहोचायला जो काळ लागतो, तो ३० सूर्यांच्या वस्तुमानाच्या विवरासाठी अर्धा मिलिसेकंदही भरत नाही, आणि गणित तिथेच कोलमडते. वन प्लस लॉगमध्ये मात्र विवराच्या पोटात लॅप्स शून्याकडे जातो, तिथला काळ जवळजवळ थांबतो आणि बाहेरचे गणित निर्वेधपणे पुढे चालते. गॅमा-ड्रायव्हर शिफ्टच्या, म्हणजे एका कापावरून पुढच्यावर जाताना अवकाशातले सहनिर्देशक कसे सरकवायचे या नियमाच्या, जोडीने हेच काप वापरून २००५ साली ब्राउन्सव्हिल आणि नासा गोडार्ड येथील दोन गटांनी विवरांचे विलीनीकरण स्वतंत्रपणे तडीस नेले. म्हणून ही निवड मला सर्वांत भरवशाची वाटते.

२०१५ च्या गुरुत्वीय लहरींच्या पहिल्या नोंदीवर बेतलेले उदाहरण संचासोबत मिळते, ही मोठीच सोय आहे. पण पॅरामीटरांच्या नावांवरून त्यांमागचे भौतिकशास्त्र उमगत नाही. वन प्लस लॉगमध्ये दूरवर सहनिर्देशकांची (केवळ मोजणीच्या जाळ्याची, भौतिक नसलेली) लहर प्रकाशाच्या सुमारे १.४ पट वेगाने धावते. त्यात कोणताही संकेत वाहून जात नसल्याने सिद्धांताला बाध येत नाही, तरी हे आधी ठाऊक नसेल तर आलेख पाहून गोंधळ उडतो. ही सुरुवातीची लहर सौम्य करायची असेल, तर आरंभीचा लॅप्स सर्वत्र १ न ठेवता टू-पंक्चर्स या, दोन विवरांची आरंभस्थिती रचणाऱ्या भागात साईच्या (अवकाशातली अंतरे किती ताणली आहेत हे सांगणाऱ्या गुणकाच्या) उणे दोन घाताइतका द्यावा.