खिशातलं स्केचबुक आणि एक बॉलपेन: आठ महिन्यांनंतर

आठ महिन्यांपूर्वी ए-६ आकाराचं, शिवलेल्या बांधणीचं ९६ पानांचं स्केचबुक घेतलं. रोज एक पान काढायचं, एवढंच ठरवलं होतं. आज दोन वह्या भरल्यात, तिसरी अर्ध्यावर येत आली आहे. लहानपणी चित्रं काढायची आणि नंतर वर्षानुवर्षं ‘पुन्हा सुरू करायचंय’ म्हणत राहायचं, असं ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

याआधी माझ्याकडे जाड कागदाची ए-४ वही होती, पेन्सिलींचा अख्खा संच होता. ती वही उघडली की पान भरायला तास तरी लागणार हे दिसायचं, आणि दिवसभराच्या कामानंतर तो तास कधी सापडलाच नाही. ए-६चं पान १०५ बाय १४८ मिलिमीटरचं, जेमतेम तळहाताएवढं. दहा मिनिटांत भरतं. वही मी चार्जरशेजारी ठेवते. रात्री फोन चार्जिंगला लावला की हात मोकळा होतो आणि वही समोरच असते. उत्साह आहे की नाही, हा प्रश्नच मग मनात येत नाही. बहुतेक दिवशी उत्साह पहिल्या चार रेघांनंतर येतो.

कागद १०० जीएसएमचा आहे, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन १०० ग्रॅम. बॉलपेन आणि पेन्सिलीला उत्तम. जेल पेनची रेघ मात्र मागच्या पानावर दिसते आणि पाण्याचे रंग लावले तर पान लाटांसारखं उठतं. शिवलेली बांधणी असल्यामुळे वही सपाट उघडते. स्पायरलच्या वहीत डाव्या पानावर काढताना हाताला तार लागायची, तो त्रास संपला. पहिला महिना ४बी पेन्सिल वापरली. तिच्यात ग्रॅफाइट जास्त आणि माती कमी, त्यामुळे रेघ गडद आणि मऊ येते, पण खिशात घासून समोरासमोरची दोन्ही पानं काळी व्हायची. म्हणून बॉलपेनवर आले, आणि सगळ्यात मोठा फरक तिथे पडला. पेन्सिल असताना मी निम्मा वेळ खोडत असायचे. पेनाची चुकलेली रेघ तशीच राहते, तिच्या शेजारी दुसरी काढावी लागते, आणि पुढची रेघ ओढायच्या आधी नजर वस्तूवर जास्त वेळ थांबते.

काय काढायचं, यातच सुरुवातीला बराच वेळ जायचा. मग ठरवलं: काही सुचलं नाही तर स्वतःचा डावा हात. आजवर तो साठेक वेळा काढला असेल. पहिल्या वहीतले सगळे हात पाहिले तर अंगठा बाकीच्या चार बोटांच्या ओळीत बसवलेला आहे, हातमोजा पसरून ठेवावा तसा. खरं तर अंगठा मनगटाजवळून निघतो आणि त्याचं नख बोटांच्या नखांच्या दिशेत नसतं, जवळजवळ काटकोनात वळलेलं असतं. हे मला कुणी सांगितलं नाही, चौथ्या महिन्यात एका रात्री काढता काढता दिसलं. ते पान मी अजून उघडून बघते. प्रत्येक पानावर तारीख टाकायची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्या, त्याशिवाय हा बदल सापडत नाही.

तिसऱ्या महिन्यात आजारपणात सलग नऊ दिवस बुडाले. एरवी इथेच सगळं सुटलं असतं. तेव्हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आठवला. ९६ जणांना १२ आठवडे एकेक नवी सवय लावायला सांगितलं होतं. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मधला आकडा ६६ दिवस निघाला, पण अंतर प्रचंड होतं, १८पासून २५४ दिवसांपर्यंत (१२ आठवड्यांपुढचे आकडे गणिताने काढलेला अंदाज होते). एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. तिथल्या सवयी खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या होत्या, चित्रांच्या नव्हत्या, आणि माझे दिवसही एक नव्हे, नऊ गेले होते. तरी त्या आकड्यांनी धीर आला. दहाव्या दिवशी अंथरुणातच औषधाची बाटली काढली, वाकडीतिकडी, आणि गाडी पुन्हा रुळावर आली.

एक उणीव मोठी आहे. इतक्या लहान पानावर फक्त मनगट आणि बोटं चालतात. सहाव्या महिन्यात मोठ्या कागदावर उभी आकृती काढायला घेतली तेव्हा लांब रेघ ओढताच येईना, खांदा आखडलेला. आता रविवारी ए-३ कागदावर उभं राहून, अख्खा हात खांद्यातून फिरवत अर्धा तास काढते. लहान वहीसोबत हे पहिल्या महिन्यापासून करायला हवं होतं.

तिसऱ्या वहीत पन्नासेक पानं कोरी आहेत. चौथी याच आकाराची घेणार, फक्त कागद जरा जाड बघणार, कारण आता त्या डाव्या हाताच्या चित्राला सावली द्यायला शाईचा हलका वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या शाईचा थर, वापरून बघायचाय.