शाळा उघडण्याआधी: समोर बसवून विचारावं, की कव्हरं घालता घालता?

राज्य मंडळाच्या शाळा साधारण १५ जूनच्या सुमारास उघडतात, विदर्भात उन्हामुळे जरा उशिराच. त्याआधीच्या आठवड्यात नववी-दहावीतलं पोर चिडचिड करतं, रात्री जागतं आणि विचारलं की म्हणतं, "काही नाही." मग त्याला बोलतं कसं करायचं?

"बस इथे, काय झालंय ते सांग," ही आपली सवयीची पद्धत. तुकडी बदलून हवी का, क्लास कुठला लावायचा, रिक्षा की बस, असे निर्णय घ्यायचे असतील तर ती उत्तम. भीतीबद्दल बोलायला मात्र नको. टीव्ही बंद, समोर आई-बाबा दोघंही. अशा वेळी मूल उत्तरं देतं, मोकळं होत नाही.

दुसरी पद्धत हात कामात ठेवून बोलायची. वह्यांना कव्हरं घालताना, भाजी निवडताना, स्कूटरवर मागे बसलेलं असताना. नजरेला नजर नसली की जीभ सैल होते. प्रश्नही छोटा हवा. "टेन्शन आलंय का?" याला उत्तर "नाही" हेच येणार. "यंदा डबा कुणाबरोबर खाणार?" यातून मैत्री तुटल्याचं कळू शकतं, चिडवणाऱ्या मुलांचं कळू शकतं. तोटा एकच, हे तुकड्यातुकड्यांत आणि सावकाश येतं. मध्येच "आमच्या वेळी..." सुरू केलंत तर तेही थांबतं. (हे आवरणं फार अवघड असतं.)

काही मुलं रात्री व्हॉट्सअॅपवरच लिहितात. लिहू द्या, उत्तर दोन ओळींचं द्या आणि ते घरच्या ग्रुपवर फिरवू नका.

काळजी आपल्याच अपेक्षांची, म्हणजे मार्कांची असेल, तर आपल्यापेक्षा मावशी किंवा चुलतभाऊ बरा. फक्त त्यांच्याकडून नंतर बातमी काढू नका.

माझं मत विचाराल तर आधी कव्हरं, मग गरज पडलीच तर बैठक. पण मूल जगणंच नको म्हणत असेल, स्वतःला इजा करत असेल, तर पद्धती निवडत बसू नका. त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांना गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. घरात किंवा शाळेत कुणी त्रास देत असेल तर मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ फिरवा.